पाणबुड्याचा बाप्तिस्मा

तळहात आडवा करून तो स्वतःच्या अंगावर ठेवायचा आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीचं माप सांगायचा. चहा कसा झालाय विचारलं की हात पोटरीला. "पोटरीएवढा. साखर कमी हाय." नव्या सरपंचाची अक्कल? हात घोट्यावर. मेहुण्याच्या लग्नातली आमटी? हात थेट गळ्यावर, आणि डोळ्यांत पाणी. सासू राहायला आली तेव्हा तर त्यानं हात डोक्याच्याही वर धरला होता आणि शिवाय टाचा उंच केल्या होत्या.

विहिरीत उतरणाऱ्या माणसाची ही सवय. मंडळी, तुमच्याही भागात असा एखादा असेलच. विहिरीत पडलेली बादली, घागर, मोटार, शेळी आणि कधीकधी माणूस वर काढणारा. आमच्या लोहारा तालुक्यात, माकणीच्या धरणाच्या अंगाला, तो होता. आता नाही. नाव लिहीत नाही. कारण चारचौघांत स्वतःचं नाव निघालं की तो उठून जायचा, आणि गेलेल्या माणसाला आता आणखी कुठं घालवू?

माझं मोटार भरायचं दुकान. विहिरीवरची जळालेली मोटार मी नवी तार गुंडाळून भरायची, बुडालेली त्यानं काढायची. आमची जोडी म्हणजे तालुक्याचं अर्धं बागायत. त्याचा दम कसा होता ते सांगतो. तो पाण्यात गेला की मी चहा सांगायचो. चहा यायचा, पिऊन व्हायचा, कप परत जायचे. मग वायरमनशी माझं भांडण व्हायचं, समेट व्हायचा, आम्ही एकमेकांना तंबाखू द्यायचो, आणि मग हा वर यायचा. तुम्ही म्हणाल, मिस्त्री फेकतोय. फेकतोय थोडं. पण वायरमनला विचारा, तो माझ्यापेक्षा जास्त फेकेल.

एकदा एका मोटारीसाठी गेला आणि मोटारीबरोबर दोन घागरी, एक कुदळ आणि दातांची कवळी घेऊन वर आला. विहिरीच्या काठावर उभं राहून त्यानं कवळी उंच धरली. "कुनाची हाय वो?" सगळा गाव जमला होता. म्हातारे रांगेनं उभे. एकानंही तोंड उघडलं नाही.

अशा माणसाची आणि पास्टर साहेबांची गाठ पडली ती पाण्यातच.

पास्टर साहेब सोलापूरकडचे. रस्त्याकडेला पत्र्याचं शेड, तीसपस्तीस विश्वासी, एक ढोलकी, एक खंजिरी. देवाला ते भीत होतेच, पण पाण्याला जरा जास्त भीत. त्यांच्या मंडळीत बाप्तिस्मा म्हणजे डोक्यावर चार थेंब नव्हे. अख्खा माणूस पाण्याखाली घालायचा आणि अख्खा वर काढायचा. जुना माणूस खाली पुरला, नवा वर आला, असा त्याचा अर्थ. त्यासाठी मंडळी धरणाच्या फुगवट्यावर जायची. तिथं एके दिवशी एका धिप्पाड गुराळवाल्याला पाण्याखाली घालताना पास्टर साहेबांचा पाय गाळात घसरला. गुराळवाला वर आला आणि पास्टर साहेब दिसेनात. काठावरच्या बायांना वाटलं, हाही विधीचाच भाग असेल. त्या गात राहिल्या.

आम्ही दोघं पलीकडं मोटार काढत होतो. हा पोहत गेला, पास्टर साहेबांना कॉलरला धरून वर काढलं आणि म्हणाला, "साहेब, तुमी लोकान्ला तारायला आलाव का मला काम लावायला?"

तेव्हापासून प्रत्येक बाप्तिस्म्याला हा छातीभर पाण्यात पास्टर साहेबांच्या डाव्या हाताला उभा. त्याचं काम धरायचं. घाबरलेल्या म्हाताऱ्यांना तो हळू आवाजात सांगायचा, "नाक धरा. तोंड मिटा. पाय सैल सोडा. साहेब खाली घालतेत, मी मागं हाय." म्हाताऱ्या पास्टर साहेबांचा प्रश्न ऐकायच्या आणि उत्तर याच्याकडं बघून द्यायच्या. असे किती जण त्यानं धरले असतील? मी सांगतो हजार. पास्टर साहेब सांगायचे शंभरसव्वाशे. त्यांना खोटं बोलायची बंदी होती, मला नव्हती.

आता यातली गंमत बघा. या बाबाचा स्वतःचा बाप्तिस्मा झालाच नव्हता.

दर रविवारी तो शेडावर जायचा, पण आत नाही. पायरीवर बसायचा, चपलांच्या ढिगापाशी. गाणी सगळी पाठ. दारू सुटलेली. उपवास धरायचा. मीच एकदा बुडालेल्या मोटारीसाठी त्याला बोलवायला गेलो तेव्हा आत शेवटची प्रार्थना चालली होती. पास्टर साहेब म्हणत होते, "सगळ्यांनी डोळे मिटा. आज ज्याला प्रभूला आपला तारणारा म्हणून स्वीकारायचंय, त्यानं फक्त हात वर करा. कोणी बघत नाही." मी बघत होतो. आत दोन हात वर गेले. पायरीवरच्या याचा हात गुडघ्यावरून उचलला गेला, छातीपर्यंत आला, आणि त्यानं तो खाली आणून कुणाचीतरी चप्पल सरळ केली.

मी म्हणालो, "आरं, तालुका बुडवलास की. तू कवा?"

"मी पानी बगतो मिस्त्री. तेवढं बास."

पास्टर साहेबांनी कितीदा समजावलं. त्यांना तो एकच उत्तर द्यायचा. हात डोक्याच्या वर, दोन वीत वर धरायचा. "माझं एवढं हाय, साहेब. तुमच्या प्रभूचा हात पुरायचा न्हाय." पास्टर साहेबांना वाटायचं दारूचं काही असेल, बायकोला मारलं असेल, चोरी केली असेल. त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

मंडळी, इथं माझं फेकणं बंद.

पास्टर साहेब इकडं यायच्या आधी ओढ्याकाठच्या वस्तीवर एका म्हातारीच्या मळ्यात मोटार पाण्यात घसरली होती. सकाळी याला सांगावा गेला, येतो म्हणाला. आला नाही. हाकेच्या अंतरावर बाभळीखाली पिऊन पडला होता. म्हातारीचा एकुलता एक लेक तिशीतला, घाई त्याच्या अंगात. "मीच बांधतो की दोर," म्हणून उतरला. पायरी शेवाळलेली, पाय घसरला आणि तो पाण्यात गेला. मी वर दोर धरून उभा होतो, मला पोहता येत नाही. मी धावत बाभळीखाली गेलो. याला हलवला, थोबाडीत मारल्या. तो दोनदा उठला आणि दोनदा पडला. तिसऱ्यांदा उठलाच नाही. लोकांनी गळ टाकून लेकाला वर काढलं तेव्हा दुपार कलली होती.

त्यानंतर त्यानं थेंब घेतला नाही. त्या मळ्याच्या बाजूचा रस्ताही सोडला, दीड कोस वळसा घालून जायचा. आम्ही दोघं रोज एकत्र काम करायचो आणि त्या दिवसाबद्दल एक शब्द कधी बोललो नाही.

मग एका उन्हाळ्यात, पाऊस पार दगा देऊन गेलेल्या वर्षी, ती म्हातारी शेडावर आली.

कुणी आणली, कशी आली, मला माहीत नाही. सुनेच्या माहेरकडचे कुणी विश्वासी होते म्हणतात. पायरीवर हा चपला लावत बसलेला. म्हातारीनं चप्पल काढली, त्यानं उचलली, वर बघितलं आणि चप्पल हातातच राहिली. ती आत गेली. प्रार्थना संपेपर्यंत हा तसाच. मी पायरीलगतच्या टपरीवर होतो, मला वाटलं आता हा उठून पळणार. पळाला नाही. पळायला पाय लागतात.

म्हातारी बाहेर आली आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"म्हाईत हाय मला, तू कोन," ती म्हणाली.

"व्हय माय."

"तू आला असतास तरी माझं लेकरू वाचलं नसतं, असं म्या म्हननार न्हाय. खोटं कशाला बोलू? वाचलं असतं."

"व्हय माय."

"लई वर्सं तुला शिव्या दिल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, देवपूजेवानी. आता म्या ते सगळं गाठोडं येशूच्या पायाशी ठिवलं. त्यानं घेतलं. माझ्या हातात आता कायबी न्हाय." तिनं खरंच दोन्ही हात उघडून दाखवले. "आता त्याच्या पायाजवळून परत उचलून तुझ्या डोस्क्यावर घ्यायचं आसंल, तर तू घे बाबा. तुझी हौस."

आणि त्याच्या हातातली चप्पल घेऊन, पायात घालून, ती चालू लागली.

मंडळी, मी या माणसाला मेलेल्या शेळ्या काढताना बघितलंय, माणसं काढताना बघितलंय. रडताना त्या दिवशी बघितला. असा रडला की टपरीवाल्यानं रेडिओ बंद केला. मग उठला, चपलांचा ढीग ओलांडला आणि आयुष्यात पहिल्यांदा शेडाच्या आत गेला. पास्टर साहेब ढोलकीला कापड गुंडाळत होते.

"साहेब, माझाबी हात वर हाय," तो म्हणाला. आणि खरंच वर धरला. दोन्ही.

पास्टर साहेबांनी ढोलकी टाकली. मी याच्यामागं दारापर्यंत आलो होतो, ती गडगडत माझ्यापर्यंत आली. त्या बारक्या माणसानं या पैलवानाला मिठी मारली आणि दोघं खाली बसून प्रार्थना करायला लागले. ढोलकी धरून मी दारात उभा. मी आपला घरचा देव्हारा पुसणारा माणूस, मला काय करावं कळेना. ढोलकीवर एक थाप मारली. बरी वाजली.

आता उभा राहिला खरा प्रश्न. हा तयार, पास्टर साहेब तयार, म्हातारीही त्याच दिवशी बाप्तिस्मा घ्यायला तयार, आणि साऱ्या मुलखात पाणी नाही!

त्या वैशाखात धरणात क्रिकेटचे सामने चालले होते. फुगवट्यावरचे मासे पायी निघून गेले. गावात टँकर आला की माणसांच्या आधी चिमण्या नंबर लावायच्या. पास्टर साहेब म्हणाले, "भाऊ, काळजी करू नकोस. विश्वास ठेवलास, तुझं तारण झालं. येशूच्या शेजारी वधस्तंभावर लटकलेल्या त्या चोरानं शेवटच्या घडीला विश्वास ठेवला, त्याचा कुठं बाप्तिस्मा झाला होता? पाऊस पडला की आपण करू."

"चोराचं येगळं, साहेब," हा म्हणाला. "त्याला खिळं ठोकल्यालं. उतरता येत नव्हतं. मला कुनी ठोकलंय?"

पास्टर साहेब म्हणाले, मग घागरभर पाणी डोक्यावर ओतू, प्रभू समजून घेईल.

"प्रभू घेईल. पन मी लोकान्ला बोटभर केस कोरडा राहिला तरी परत खाली घातलंय. त्या म्हाताऱ्या मला सोडतील व्हय?"

तिसरा उपाय मी सुचवला. टँकरच्या झाकणातून याला आत सोडायचं, झाकण लावायचं, पास्टर साहेबांनी वरून शब्द उच्चारायचे, झाकण उघडायचं. सोपं काम. टँकरवाला माझा दोस्त. पण हाच भडकला. "लोकाच्या प्यायच्या पान्यात माझं पाप? मिस्त्री, डोस्कं हाय का खोकं?"

मग आम्ही निघालो. माझी मोटारसायकल, मागं हा, आणि याच्या डोक्यात तालुक्यातल्या सगळ्या विहिरी. आठ दिवस! एवढं तर मी नवरी शोधतानाही फिरलो नव्हतो. हा काठावरून नुसता खाली वाकायचा. "हिच्यात चिखल." "हिच्यात बेडूक हाय, पन त्योबी निघायलाय." एका विहिरीत गुडघाभर सापडलं, तर मालक काठी घेऊन पहाऱ्याला. पार तेर गावापर्यंत गेलो, नदीच्या वाळूत झरा उकरला. यानं त्यात आडवं झोपून बघितलं. पोट बुडेना.

आणि या आठ दिवसांत आम्ही दोघांनी एका विहिरीचं नाव घेतलं नाही. दोघांनाही ती आठवत होती. मला ठाऊक होतं की त्याला आठवतेय, त्याला ठाऊक होतं की मला आठवतेय.

नवव्या दिवशी म्हातारी स्वतः दुकानात आली. "कशाला पेट्रोल जाळायलाव?" म्हणाली. "माझ्या हिरीत हाय की पानी."

आमच्याकडं विहिरीत माणूस गेलं की विहीर उपसतात. सगळं पाणी काढून टाकायचं, तळ खरवडायचा, नवा झरा येऊ द्यायचा, मगच ते पाणी तोंडाला लावायचं. म्हातारीनं आपल्या विहिरीचा उपसा करूच दिला नव्हता. लेकाचं शेवटचं पाणी म्हणून तसंच ठेवलं होतं, वर बाभळीच्या फांद्या टाकून. उपसा नाही म्हणून गावानंही त्याला हात लावला नाही. दुष्काळात दुष्काळ, पण त्या पाण्याकडं बघायलाही कुणी जात नव्हतं.

हा माझ्या बाकड्यावर बसला होता. उठून भिंतीपर्यंत मागं सरकला.

"तिथं न्हाय माय," तो म्हणाला. "तेवढं सांगू नका."

"का? येशूचा हात त्या हिरीपर्यंत पुरंना का?"

एवढंच बोलली आणि रिक्षा थांबवून गेली.

रविवारी सकाळी सगळी मंडळी त्या मळ्यात. विश्वासी तीसपस्तीस, आणि तमाशा बघायला आलेले तीनशे. मी फांद्या ओढून बाजूला केल्या. खाली हिरवंगार, गप्प पाणी. आता आली अडचण. पायऱ्या पाण्यात उतरलेल्या, शेवटच्या पायरीवर गळ्यापर्यंत पाणी, पुढं खोल. पास्टर साहेब काठावर आले, खाली बघितलं, आणि गाणं सुरू करायच्या आधीच त्यांचा आवाज थरथरायला लागला. दरवेळी त्यांना धरणारा माणूस आज स्वतः धरून घेणार होता. मग पास्टर साहेबांना कोण धरणार?

मी! मोटारी वर ओढायची माझी लोखंडी तिपाई आणि चेनपुली मी घेऊनच गेलो होतो. ट्रॅक्टरची ट्यूब फुगवली, पास्टर साहेबांच्या काखेत घातली, कमरेला दोर, दोर पुलीला. पंधरा एचपीच्या मोटारी मी या पुलीनं काढल्यात, पास्टर साहेब म्हणजे फार तर तीन एचपी. "सोडू का साहेब?" "हळू मिस्त्री, हळू! प्रभू, हळू!" मी प्रभू नव्हतो, पण हळू सोडलं. ते भोवऱ्यासारखे गरगर फिरत खाली गेले. वरून तीनशे माणसं "सावकाश, सावकाश" ओरडतायत, बाया गातायत, ढोलकी फुटायला आलेली, कुणीतरी शिट्टी मारली. खाली टेकल्यावर पास्टर साहेब इतक्या जोरात हालेलूया म्हणाले की विहिरीतली पारवं उडून गेली.

आणि हा पायऱ्यांवरून उतरत होता. पहिल्या पायरीवर थांबला. दुसऱ्या पायरीवर थांबला. ज्या पायरीवरून तो लेक घसरला होता, तिथं येऊन खाली बसला. गाणं थांबलं. मला वाटलं, झालं, हा आता वळतो. मीही मनात म्हटलं, वळलास तरी चालेल रे. मी कुणाला सांगणार नाही.

त्याच्या मागून म्हातारी उतरत होती. ती त्याच्या शेजारी आली. नुसता त्याच्या खांद्याचा आधार घेऊन पुढच्या पायरीवर पाय ठेवला. म्हातारीला आधार द्यायचा म्हणजे त्याला उठावं लागलं. उठला, तो तिच्याबरोबर पाण्यात गेला.

पास्टर साहेबांनी विचारलं, "येशू ख्रिस्त तुझ्या पापांसाठी मेला आणि तुझ्यासाठी उठला, असा तुझा विश्वास आहे का?"

"हाय," तो म्हणाला. मग पुन्हा, विहीर घुमेल असं, "हाय!"

पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं पास्टर साहेबांनी त्याला मागं झुकवला. पाणी त्याच्यावर मिटलं. मी वर दोर धरून उभा. आणि मंडळी, ज्याचा दम मी चहाच्या कपांनी मोजायचो, तो माणूस एका क्षणात वर आला तो ठसकत, खोकत, नाकातोंडातून पाणी उडवत! साऱ्या जन्मात मी त्याला पाणी गिळताना बघितलं नव्हतं. पास्टर साहेब घाबरले, मी वरून ओरडलो, "आरं, काय झालं?"

त्यानं वर बघितलं. डोळे लाल, दाढीतून पाणी गळतंय, आणि तोंडभर हसू.

"दम धरलाच न्हाय, मिस्त्री!" तो ओरडला. "कशाला धरू? आज त्यानं मला धरलं होतं!"

मग काय विचारता! वर जो गदारोळ उठला तो धाराशिवला ऐकू गेला असेल. पुढच्याच मिनिटाला त्यानं म्हातारीला मागून धरलं, "नाक धरा माय, पाय सैल सोडा," आणि ती त्याच्या हातांवर खाली गेली आणि वर आली. पास्टर साहेबांना वर ओढायचं मात्र मी आनंदात विसरलो. ते बराच वेळ ट्यूबमध्ये तरंगत स्तुती करत होते.

दुसऱ्या दिवशी म्हातारीनं विहीर उपसायला काढली. मी इंजिन लावलं. वर्षानुवर्षांचं ते पाणी पाटानं धावलं, तिच्या वाळलेल्या लिंबाच्या बुडात गेलं. दुपारपर्यंत तळ दिसला. गाळ काढायला हाच उतरला, दुसऱ्या कुणाला उतरू दिलं नाही. काठावर बाया रिकाम्या घागरी घेऊन बसलेल्या. आम्ही वाकून बघतोय तर खाली, काळ्या दगडाच्या फटीतून, बोटाएवढा झरा फुटला. तो तिथंच उभा राहिला. घाईत असलेली आमची तोंडं वर दिसत होती, तरी हलेना. नवं पाणी त्याच्या पायांवरून जात होतं आणि तो बघत होता.

म्हातारी काठावर आली, भाताचं पातेलं बाजूला ठेवलं, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून विहिरीत वाकली. इतकी वर्षं त्या विहिरीत तिनं कुणाला हाक मारली नव्हती.

"वर ये रे लेका," ती म्हणाली. "भात गार व्हायलाय."